रेडिओचे पैसे कोण भरतो?

माझे गाव कनेरगाव नाका. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना पैनगंगेच्या अलीकडे ते लागते. गावाच्या नावातला 'नाका' निजामाच्या काळातला. नदीच्या अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांच्या अमलाखालचे वऱ्हाड. कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच होते, पण कारभार इंग्रजांचा. त्यामुळे माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार. नाका उठून पाऊणशे वर्षे झाली, पण नाव राहिले. आमच्या जिल्ह्याच्या रेल्वे स्टेशनचे नावही अजून 'हिंगोली डेक्कन' असेच आहे.

आज मला बोलायचे आहे ते रेडिओच्या पैशांविषयी. विषय रुक्ष वाटेल. पण रेडिओचे पैसे कोण भरतो, यावर रेडिओ कोणाचे ऐकतो हे बरेचसे ठरते. आणि रेडिओ कोणाचे ऐकतो, यावरून या देशात कोणाला आपले मानले जाते हेही थोडेफार कळते. हे मला पुस्तकातून नव्हे, अब्बांच्या सायकलच्या दुकानात कळले.

नाक्यावर अब्बांचे पंक्चर काढायचे दुकान होते. तिथे फळीवर एक मर्फी रेडिओ असायचा. सकाळी शेतीचा कार्यक्रम, दुपारी बाजारभाव, संध्याकाळी प्रादेशिक बातम्या. एस.टी.ची वाट बघणारी माणसे तेवढा वेळ बाकावर टेकायची. रात्री दुकान बंद करण्याआधी अब्बा काटा फिरवून उर्दू लावायचे. आमच्या शेजारी नवीन बदलून आलेले एक गुरुजी राहत. माणूस चांगला. एके रात्री त्यांनी सहज विचारले, ''चाचा, रातच्याला पाकिस्तान लावता का हो तुम्ही?'' अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आवाज मोठा केला. थोड्या वेळाने निवेदकाने सांगितले, ''ये ऑल इंडिया रेडियो की उर्दू सर्विस है.'' दिल्लीहून ही सेवा १९६५ सालापासून चालत होती. गुरुजी ओशाळले आणि चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी रेडिओच्या परवान्याचे पुस्तक ट्रंकेतून काढले आणि दुकानात खिळ्याला टांगले. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. त्या पुस्तकाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला.

परवान्याचे पुस्तक

आजच्या तरुण श्रोत्यांना हे सांगितले पाहिजे की रेडिओ ऐकण्यासाठी एके काळी परवाना लागत असे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तकात तिकिटे लावून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. घरगुती रेडिओला वर्षाला पंधरा रुपये पडत. मजुराला त्यासाठी चार-पाच दिवस राबावे लागे.

ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती. परवान्याचे वर्षाला दहा रुपये सरकार गोळा करी आणि त्यातला मोठा हिस्सा कंपनीला देई. पण एवढ्या मोठ्या देशात परवाने घेणारे निघाले आठ हजारांच्या आत. १९३० साली कंपनी बुडाली, सरकारने रेडिओ ताब्यात घेतला आणि १९३६ साली त्याचे नाव 'ऑल इंडिया रेडिओ' झाले. तेव्हापासून रेडिओची थैली सरकारच्या हातात गेली.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात या रेडिओची अवघी सहा केंद्रे होती. पुढे ती वाढत गेली. आमच्या मराठवाड्याला परभणीचे केंद्र मिळाले आणि आमच्या बोलीतला शेतकरी पहिल्यांदा हवेत ऐकू आला. १९८०च्या दशकाच्या मध्यात परवाना रद्द झाला. पोस्टाची रांग गेली, दंडाची भीती गेली. सगळ्यांना बरे वाटले, आम्हालाही वाटले. पण त्याबरोबर हातातली पावतीही गेली. पावती होती तोवर अब्बा म्हणू शकत होते, 'हा रेडिओ माझ्याही पैशांवर चालतो.' खिळ्याला टांगलेल्या पुस्तकाचा अर्थ तोच होता.

एकाच हवेतले दोन आवाज

आमच्या दादांकडून एक गोष्ट मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकली. १९४७-४८ साली नाक्यावर दोन देशांचे आवाज येत. हैदराबादचा रेडिओ निजामाचा. संस्थान स्वतंत्र राहणार, सगळे आलबेल आहे, असे तो सांगे. मुंबई-दिल्लीचा रेडिओ वेगळे सांगे. गावात रेडिओ एखाद्याच घरी. बाकीचे कानगोष्टींवर विसंबून. प्रत्यक्षात आमच्या भागात रझाकारांचा जुलूम चालू होता. घरे जळत होती, माणसे सीमा ओलांडून वऱ्हाडात आसरा घेत होती. तिकडे उमरखेडसारख्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरे होती. हैदराबादच्या रेडिओवर यातले काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने त्याच रेडिओवरून लढाई थांबवल्याचे जाहीर केले. मराठवाडा मुक्त झाला. तो दिवस आम्ही आजही झेंडा लावून साजरा करतो, आणि मीही त्यात उभा असतो. पण त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या काही जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्यात रझाकारांशी काही संबंध नसलेली माणसेही गेली. पंडित नेहरूंनी पाहणीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले असे तिने नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही.

मी हे जुने खपली काढण्यासाठी सांगत नाही. दादा दोन्ही काळांतून गेले होते. रझाकारांच्या काळात त्यांनी एका हिंदू कुटुंबाला रात्रीतून नदी पार करून दिली होती. पुढे त्याच कुटुंबाने त्यांना आठ दिवस धान्याच्या कोठारात लपवले. नाक्यावरच्या माणसांना दोन्ही जुलूम ठाऊक होते. पण पहिला रेडिओ पहिल्या जुलमाबद्दल गप्प राहिला आणि दुसरा दुसऱ्याबद्दल. दोन्ही रेडिओ सरकारच्या तिजोरीवर चालत होते. राजवट बदलली, झेंडा बदलला, तरी रेडिओची ही खोड बदलली नाही.

कोणाचा देश, कोणाचे सूर

सरकारी रेडिओने देशाची ओळखही ठरवायला घेतली होती. आपल्या पेटीचेच उदाहरण घ्या. कीर्तन असो, नाटक असो, भजन असो, महाराष्ट्रात पेटीशिवाय पान हलत नाही. पण १९४० साली आकाशवाणीने पेटी बंद केली. पेटी परदेशी, तिच्यातून हिंदुस्थानी श्रुती निघत नाहीत, असे कारण दिले गेले. ही बंदी जवळजवळ तीस वर्षे टिकली.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहितीमंत्री झाले. गृहस्थ मराठी, विद्वान आणि अभिजात संगीताचे मोठे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून शास्त्रीय संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या अटींमुळे ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

भाषेचेही तसेच. फाळणीपूर्वी आकाशवाणीच्या बातम्या 'हिंदुस्थानी'त असत. हिंदीवाल्यांना त्यात फारसी जास्त वाटे, उर्दूवाल्यांना संस्कृत. फाळणीनंतर हिंदुस्थानी हा शब्दच मागे पडला. आमच्या घरात दखनी बोलतात, बाजारात मराठी. मी कविता मराठीत लिहितो, कारण मला स्वप्ने त्या भाषेत पडतात. तरुणपणी एका केंद्रावर मला काव्यवाचनाला बोलावले. तिथले अधिकारी अगदी आदराने म्हणाले, ''दोन-तीन कविता ईदवर असू द्या.'' माझ्या वहीत हळदीच्या शेतावर कविता होत्या, दुष्काळावर होत्या, एस.टी.वर होत्या. ईदवर एकही नव्हती. मी हळद वाचली. त्यांनी ती प्रसारितही केली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांना वाटत होते की देशाच्या चित्रात माझ्यासाठी एक चौकोन आखलेला आहे आणि मी तेवढ्यातच बसावे.

आणीबाणीची रात्र

मी तिसरीत असताना, २६ जून १९७५ रोजी सकाळी, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आणीबाणीची घोषणा रेडिओवरूनच देशाला सांगितली. विरोधी नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. रेडिओवर सेन्सॉर बसवण्याची गरजच नव्हती. तो आधीपासून सरकारी खाते होता. १९७६ साली किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली, कारण त्यांनी सरकारच्या प्रचाराला साथ दिली नव्हती. आकाशवाणीत आणि दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात काम केलेले पु. ल. देशपांडे १९७७च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध व्यासपीठावर उभे राहिले.

आमच्या नाक्यावर त्या काळात एक गंमत झाली. अब्बांना पाकिस्तानविषयी विचारणारे तेच गुरुजी आता रात्री दुकानात येऊन हळू आवाजात म्हणत, ''चाचा, जरा लंडन लावा.'' बीबीसीच्या बातम्या ऐकायला आणखीही चार माणसे यायची. फळी लावून घ्यायची, आवाज बारीक ठेवायचा. आपल्या देशात काय चालले आहे ते कळायला भारतीय माणसाला परदेशी केंद्र लावावे लागत होते. तेही चोरून. अब्बांच्या खिळ्यावर परवान्याचे पुस्तक तसेच लटकत होते, पंधरा रुपये भरलेले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नुसते पैसे भरले म्हणजे रेडिओ आपला होत नाही. आपण भरलेले पैसे सरकारच्या हातून रेडिओकडे जात होते. देणारा हात मंत्र्याचा, म्हणून ऐकायचेही मंत्र्याचेच.

कायदा झाला, पण थैली?

हे दुखणे १९७७ नंतरच्या राज्यकर्त्यांच्या लक्षात आले. बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखालील गटाने १९७८ साली 'आकाश भारती' नावाचा स्वायत्त न्यास सुचवला. सरकार पडले आणि ते राहिले. १९९० साली प्रसार भारतीचा कायदा संसदेने केला, पण तो लागू व्हायला १९९७ साल उजाडले.

मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. वाद क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, पण न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांच्यावर सरकारचीही मक्तेदारी नको आणि धनवानांचीही नको. त्यांच्या नियमनासाठी स्वतंत्र संस्था हवी, असे न्यायालयाने सांगितले. माहिती मिळवणे आणि देणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरला. म्हणजे रेडिओ ऐकणारा माणूस उपकार घेत नाही, तो आपला हक्क बजावतो.

प्रसार भारतीच्या कायद्यातही चांगली वाक्ये आहेत. देशाची एकता जपणे हे कर्तव्य तिथे लिहिले आहे, आणि त्याच्या लगोलग नागरिकाला मोकळेपणाने, खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा हक्क जपणे हेही लिहिले आहे. काही लोकांना ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या विरोधात वाटतात. आमच्या नाक्याचा अनुभव उलटा आहे. खरे सांगितले नाही, तेव्हाच माणसे दुभंगली.

पण थैलीचे काय? त्या कायद्यात परवाना शुल्काचे उत्पन्न 'असल्यास' महामंडळाला देता येईल, अशी तरतूद आहे. कायदा झाला तेव्हा परवाना जाऊन काही वर्षे लोटली होती. उरले दोन मार्ग, जाहिराती आणि सरकारी अनुदान. अलीकडच्या वर्षांत केंद्राचे हे अनुदान अडीच ते पावणेतीन हजार कोटींच्या घरात असते, आणि त्याचा मोठा भाग वेतनावर जातो. रक्कम मोठी वाटते. पण एकशेचाळीस कोटी लोकांत वाटली तर माणशी वर्षाला वीस रुपयेही होत नाहीत. तेवढ्यात आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्ही आले. शिवाय ती रक्कम दरवर्षी सरकारकडे मागावी लागते. मागणाऱ्याचा आवाज किती मोकळा राहील, हे सांगायला नको.

इतर देशांत काय आहे ते पाहू. ब्रिटनमध्ये आजही परवाना आहे. एप्रिल २०२५ मध्ये तो घरटी वर्षाला १७४.५० पौंड झाला होता. जर्मनीत घरटी महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात, पण किती वाढ हवी हे मंत्री नव्हे, एक स्वतंत्र आयोग तपासून सुचवतो. एका राज्याने ती वाढ अडवली तेव्हा २०२१ साली तिथल्या घटनापीठाने सांगितले की अशी अडवणूक करता येणार नाही. पैशाच्या दोरीने प्रसारणाचा गळा आवळता कामा नये, असा त्याचा अर्थ. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली हे शुल्क रद्द करावे का, असे थेट जनतेलाच विचारले. ७१ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नको' म्हटले. तिथे चार भाषा आहेत, आणि लहान भाषेचा रेडिओ बाजारावर जगत नाही हे त्यांना ठाऊक होते. उलट अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले आणि १९६७च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या महामंडळाने गाशा गुंडाळायला घेतला. सर्वांत मोठा फटका आहे तो खेड्यापाड्यांतल्या छोट्या केंद्रांना.

आपल्याकडेही याची चुणूक दिसली. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला तेव्हा माहितीमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. निर्णय थांबला हे चांगलेच झाले. पण तो एका मंत्र्याच्या शब्दावर थांबला, नियमावर नव्हे, ही त्यातली काळजीची बाब. आणि पुण्यासाठी बोलणारे पुष्कळ असतात. उद्या परभणीवर किंवा नांदेडवर पाळी आली तर किती जण बोलतील?

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, हवे ते ऐका. सरकारने रेडिओवर खर्च कशाला करायचा? मलाही मोबाइल आवडतो. पण मोबाइल ज्याला त्याला त्याच्याच मनातले ऐकवतो. गुरुजींच्या मोबाइलवर आज त्यांना हवे ते येईल आणि अब्बांच्या मोबाइलवर अब्बांना हवे ते. दुकानातल्या बाकावर दोघांनी मिळून एक बातमी ऐकण्याची वेळ येणार नाही. खासगी एफएम आले, तर त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी मिळाली नाही. आकाशवाणीच्याच बातम्या लावा, एवढीच मुभा मिळाली. म्हणजे रेडिओवरच्या बातमीची सगळी जबाबदारी पुन्हा सार्वजनिक रेडिओवरच आली. ती पेलायची तर त्याची पाठ ताठ हवी.

माझे म्हणणे थोडक्यात असे. परवान्याची रांग पुन्हा नको. गरिबावर तो बोजा होता. पण रेडिओला लागणारा पैसा पाच-पाच वर्षांसाठी आधी ठरवून द्यावा, तो किती असावा हे सरकारबाहेरच्या जाणत्या माणसांनी सुचवावे आणि संसदेने उघड चर्चा करून मंजूर करावा. त्यातला ठरावीक वाटा लहान केंद्रांसाठी राखून ठेवावा. आणि प्रत्येक केंद्राने वर्षातून एकदा श्रोत्यांना हिशेब सांगावा, पैशाचा आणि आवाजाचाही. या वर्षी कोणाकोणाला बोलायला मिळाले? फासेपारधी बोलले का? ऊसतोडीला जाणाऱ्या बाया बोलल्या का? हळदवाला शेतकरी बोलला का?

हे सगळे मी आकाशवाणीवरूनच बोलतो आहे, आणि मला कोणी अडवलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आतली पुष्कळ माणसे मनापासून काम करतात, म्हणून तर हा रेडिओ अजून आपला वाटतो. प्रश्न त्यांच्या भल्या मनावर सोपवून चालणार नाही, एवढेच.

अब्बा जाऊन बरीच वर्षे झाली. दुकान रस्ता रुंदीकरणात गेले. मर्फी बिघडला तो पुन्हा दुरुस्त झाला नाही. परवान्याचे पुस्तक मात्र माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर आमच्या पोस्टाचा शिक्का आहे, अब्बांचे नाव आहे आणि गाव लिहिले आहे, कनेरगाव नाका. माझ्या नातवाने परवा विचारले, ''हे कशाचे आहे?'' मी सांगितले, ''बेटा, रेडिओ आपला आहे, याची ही पावती.''

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)